बर्गी बौदीचं दुकान

दुकानातल्या काचेच्या कपाटाला अजून तेच पितळी कुलूप आहे. १९८७ साली त्या कुलपाआड अमूल चीजचा गोल डबा, कोकोची पूड, ऑलिव्ह तेलाची डबी आणि मिरी दळायची एक लाकडी चक्की असे. आज त्या फळीवर खसखस आहे. चीज बाहेर, दाराजवळच्या फ्रिजमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी पडलेलं असतं. ते कोणी उचलून नेलं तरी मी फार मनाला लावून घेणार नाही. खसखस गेली तर मात्र पोलिसात जाईन.

दुकान दमदमला आहे, नागेरबाजारच्या चौकापासून चालत जाण्याइतकं जवळ. लग्न होऊन मी औरंगाबादहून इथे आले तेव्हा माहेरच्यांना या गावाबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या, विमानतळ आणि बंदुकीची गोळी. ते सगळे 'डमडम' म्हणत, इथले लोक 'दमदम' म्हणतात. ती फुटून पसरणारी गोळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात निघाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी आली. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत वाजलेल्या एचएमव्हीच्या तबकड्यांचा कारखानाही १९२८ पासून इथेच होता, हे मात्र कोणाला आठवत नसे. माझे मामा तर मला पत्रात 'गोळीबार सांभाळून' असं लिहीत.

आणि मी मराठी, म्हणजे इथल्या हिशेबाने बर्गी. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या त्यांची धास्ती इथल्या अंगाईगीतात अजून जिवंत आहे. बाळ झोपत नसलं की आजी त्याला बर्गी आल्याचं सांगते. त्या काळी कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, पण तीनेक मैलांवर काम थांबलं, कारण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. दमदम त्या खंदकाच्या बाहेर पडतं. अडीचशे वर्षांनी खंदकाच्या बाहेर एक बर्गी आली, तीही तलवार घेऊन नाही, तवा घेऊन. पहिल्याच महिन्यात एका माशीमांनी, म्हणजे मावशींनी, भाव ऐकून कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, बर्गी ते बर्गीच. त्या दिवसापासून मी गल्लीची बर्गी बौदी झाले. बौदी म्हणजे वहिनी. आता केस पिकले तरी वहिनीची काकी झाले नाही, एवढं मात्र बरं आहे.

तव्याची गोष्ट खरी आहे. औरंगाबादच्या भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये निर्लेप सुरू केलं, आणि माहेरी तो तवा म्हणजे घरच्या कारखान्याचा असल्यासारखा अभिमान होता. बाळंतपणाला गेले तेव्हा येताना सहा तवे आणले. मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तिथून हावडा मेल, मांडीवर मूल आणि बाकाखाली तवे. घरात एक ठेवला, उरलेले पाच शेजारणींनी पंधरा दिवसांत नेले. सासरे म्हणाले, खालची खोली रिकामीच आहे, मांड की. सासूबाईंनी डबे चढवले. त्यात गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, आमसुलं होती. गिऱ्हाईक कोण, तर हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला भेटणारी, उत्तर कोलकात्यात विखुरलेली मोजकी मराठी घरं. एवढ्यावर दुकान चालणार नाही हे मला कळत होतं. म्हणून दुसऱ्या बाजूला जे दमदमला मिळत नाही ते ठेवायचं ठरलं.

जे मिळत नाही ते. तेव्हाच्या दुकानाची सगळी अक्कल या चार शब्दांत होती.

आजच्या मुलांना हे सांगून पटत नाही की तेव्हा परदेशी खाण्याच्या वस्तू उघडपणे आयात करून विकताच येत नसत. खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटात बंदरातून आलेला चोरटा माल मिळे, पण आमच्या यांनी आधीच बजावलं होतं की तसलं काही दुकानात आलं तर ते स्वतः पहिले तक्रार करतील. मग राहिलं न्यू मार्केट. महिन्यातून दोनदा मी बसने धर्मतल्ल्याला जाई आणि १८७४ सालच्या त्या लाल विटांच्या इमारतीत शिरे. तिथे कालिम्पाँगचं चीज मिळे, स्विस मिशनऱ्यांनी डोंगरात सुरू केलेल्या दुग्धशाळेचं. बँडेल चीज मिळे, मुठीत मावणाऱ्या चपट्या चकत्या, एक पांढरी आणि एक धुरी दिलेली, पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली. चिनी लोकांच्या कारखान्यातला हिरव्या मिरचीचा सॉस मिळे. हे सगळं दोन पिशव्यांत कोंबून परत येताना बसमध्ये धुरीच्या चीजचा वास सुटे आणि शेजारचा माणूस सरकून बसे. तेवढीच ऐसपैस जागा मिळे.

ते चीज विकायचं कसं, हा पुढचा प्रश्न. पहिलं घेतलं ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरमोशायांनी. दुसऱ्या दिवशी ते परत आले, चेहरा उतरलेला. बौदी, हे मीठ आहे की चीज? मला तरी कुठे ठाऊक होतं. पुढच्या खेपेला न्यू मार्केटच्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं तेव्हा तो हसत सुटला. म्हणाला, रात्रभर पाण्यात घालायचं असतं, खारटपणा उतरतो, मग सकाळी टोस्टवर चुरायचं. मी पुठ्ठ्यावर बंगालीत तशी पाटी लिहिली. माझं त्या वेळचं बंगाली शुद्धलेखन पाहून मास्तरमोशायांनी चीज घेण्याआधी पाटी दुरुस्त केली. पुढची कितीतरी वर्षं दर शनिवारी ते दोन चकत्या नेत.

तव्यांचंही असंच झालं. बंगाली स्वयंपाकघरात लोखंडी खुंती चालते, म्हणजे आपलं उलथनं, पण लांब दांड्याचं आणि धारदार कडेचं. एका बौदींनी निर्लेपवर मासे तळले आणि खुंतीने असे खरवडले की आठवड्यात तवा चितळासारखा ठिपकेदार झाला. बदलून दिला. त्यानंतर प्रत्येक तव्याबरोबर एक लाकडी उलथनं फुकट द्यायला लागले. इथे त्याला फाऊ म्हणतात, वर चढवून दिलेलं. फुचक्याच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर शेवटची पुरी फाऊ मिळाली नाही तर भांडण होतं. फाऊशिवाय बंगाली गिऱ्हाईक समाधानाने पायरी उतरत नाही, हे मला त्या तव्याने शिकवलं.

प्रेशर कुकरबद्दल मात्र मी हरले. मटणाला घेत, डाळीला घेत, भाताला कधीच नाही. भात हांडीतच शिजणार आणि त्याचा फ्यान, म्हणजे पेज, झाकण धरून गाळली जाणार. मी किती वेळा सांगितलं, बौदी, गॅस वाचेल. त्या वेळी सिलिंडरला थांबावं लागे, घासलेटला रांग असे, तरी नाही. शेवटी मी कुकर विकायचा नाद कमी करून भात गाळायची जाळीदार झाकणं ठेवली. ती अजून खपतात.

पोयला बैशाख हा आमचा उद्घाटनाचा दिवस. इथे त्या दिवशी दुकानदार नवं खातं उघडतात, हालखाता. लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन पहाटे देवळात रांग लावायची. आमच्या भागातले बरेच जण दक्षिणेश्वरला जातात. पहिल्या पानावर शेंदराने स्वस्तिक, शेंदरात बुडवलेल्या नाण्याचा ठसा. संध्याकाळी गिऱ्हाइकं येतात, उधारी चुकती करतात, थोडी आगाऊ रक्कम ठेवतात, आणि आपण त्यांना मिठाईचा खोका आणि कॅलेंडर द्यायचं. मी दिवाळीच्या पाडव्याला घरी वहीपूजन करीत होते आणि चैत्र संपताच हे. दोन नव्या वर्षांचा दुकानदार म्हणून माझी चेष्टा होई. पण एक गोष्ट मनापासून आवडे. त्या दिवशी उधारी मागावी लागत नसे. माणूस स्वतः येई, मिठाई खाई, पैसे देई आणि मान ताठ ठेवून जाई. महाराष्ट्रातल्या दुकानदारांनी हा रिवाज उचलला असता तर 'आज रोख उद्या उधार' या पाट्या लावाव्या लागल्या नसत्या, असं मला अजून वाटतं.

उधारीच्या वहीत नाव असणं म्हणजे ओळख असणं. कोणाकडे अन्नप्राशन आहे, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाची सासू गावाहून यायची आहे, हे फर्द पाहून कळे. फर्द म्हणजे वाण्याची यादी. जमाईषष्ठीच्या आधी कोकोची पूड मागितली की समजावं, जावई दिल्लीकडचा आहे आणि त्याला केक लागतो.

पहिला धक्का कशाने बसला असेल? मॉलने नाही. मेट्रोने. दमदम ते बेलगाछिया हा तुकडा १९८४ च्या नोव्हेंबरातच सुरू झाला होता, पण तो पुढे कुठेच जोडलेला नव्हता, त्यामुळे मला त्याचा उपयोग नव्हता आणि गिऱ्हाइकांनाही नव्हता. १९९५ च्या सप्टेंबरात दमदमहून टालिगंजपर्यंत सलग गाडी धावू लागली आणि एस्प्लनेड, म्हणजे धर्मतल्ला, हाकेच्या अंतरावर आलं. मी खूश होते की पिशव्या आता मेट्रोने आणता येतील. गिऱ्हाइकंही खूश होती की न्यू मार्केटला आता स्वतःच जाता येईल. मास्तरमोशाय एका शनिवारी आलेच नाहीत. सोमवारी ओशाळून म्हणाले, तिथे ताजं मिळालं. मी काय बोलणार? मीही तिथूनच आणत होते.

दुसरा फेरा २००१ च्या एप्रिलपासून. आयातीवरची उरलेली संख्येची बंधनं उठली आणि पास्ता, ऑलिव्ह, मोहरीचे परदेशी प्रकार, बाटल्यांच्या रांगा, सगळं रीतसर बिलासकट दारात येऊ लागलं. मी उत्साहाने सहा खोके ऑलिव्ह तेल घेतलं. कोलकात्यात ऑलिव्ह तेल म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी, तान्ह्या बाळाला मालिश करायची डबी. त्यात भाजी करायची म्हटल्यावर एका माशीमांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी पावडर टाकून पोळ्या लाटायला सांगतेय. सहा खोके वर्षभर पडले. नंतर लक्षात आलं की वितरकाने आम्हाला मुदत संपत आलेला माल दिला होता. परत घ्यायला तो तयार नव्हता. दोन खोके गटारात गेले, उरलेलं तेल आमच्या घरच्या दारांच्या बिजागऱ्यांना पुरलं. आमची दारं अजून कुरकुरत नाहीत.

पण आठ-दहा वर्षांत तेच तेल नागेरबाजारच्या साध्या मुदीखान्यात दिसू लागलं. मुदीखाना म्हणजे किराणा. मग पास्ता आला, मग चीजचे तुकडे, मग कोपऱ्यावरचा मोमोवाला मेयोनीज वाटू लागला. जे मिळत नाही ते विकायचं, तर आता मिळत नाही असं काय उरलं? २०१० च्या सुमारास मी आणि हे एका रात्री दुकान बंद करण्याचा हिशेब मांडायला बसलो. तो हिशेब पुरा झाला नाही, कारण त्याच आठवड्यात सॉल्ट लेकमधून एक मुलगी आली आणि तिने विचारलं, तुमच्याकडे शील मिळेल का?

शील-नोडा म्हणजे आपला पाटा-वरवंटा. इथला पाटा टोकाला निमुळता, वर बहुधा माशाची आकृती कोरलेली. माझ्या लग्नानंतरच्या वर्षांत दुपारी गल्लीतून 'शील काटाओ' अशी हाळी यायची. माणूस छिन्नीने पाट्याला नवे टाके मारून जाई. आपल्याकडे पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया यायच्या, तशीच हाळी, फक्त भाषा दुसरी. ज्या वर्षी ती हाळी थांबली त्या वर्षी ते माझ्या लक्षातही आलं नाही. मिक्सर घरोघरी आले होते. शील परसात, पावसात, मांजराला बसायला. आणि ही मुलगी पाटा विकत मागत होती, तोही पैसे किती लागतील हे न विचारता.

मी तिला विचारलं, कशाला? म्हणाली, मोहरी मिक्सरमध्ये कडू होते. हे खरं आहे. मिक्सरमध्ये मोहरी फार वेळ फिरवली की तापते आणि कडवटते. मला हे गल्लीतल्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. मोहरी भिजत घाला, वाटताना मीठ आणि हिरवी मिरची घाला, आणि थांबत थांबत वाटा. मी ते तिला सांगितलं, पाटा विकायच्या ऐवजी. ती खट्टू झाली. तिला पाटाच हवा होता. मग मी पाटे आणायला लागले.

त्यानंतर कपाट उलटंपालटं व्हायला सुरुवात झाली. जे खाली पोत्यात असायचं ते वर काचेत गेलं. काशाची भांडी बघा. माझ्या लग्नाच्या सुमारास दुपारी एक बाई टोपलीत स्टीलची भांडी घेऊन येई आणि जुन्या साड्या नेई, आपल्या बोहारणीसारखी. सासूबाईंच्या मैत्रिणींनी तर खाग्ड्याची वजनदार काशाची ताटं मोडीत काढून स्टीलचे डिनर सेट घेतले. मुर्शिदाबादकडचं खाग्डा काशाच्या कामासाठी नावाजलेलं. आता त्याच बायकांच्या सुना माझ्याकडे येऊन काशाचं ताट, वाटी, पेला मागतात, अन्नप्राशनाला, बाळाच्या पहिल्या भाताला. भाव ऐकून एकही कपाळाला हात लावत नाही. मी मात्र मनात लावते. माझ्या दृष्टीने काशाची वाटी म्हणजे उन्हाळ्यात तूप लावून तळपाय चोळायची. ते मी कोणा बंगाली बाईला अजून सांगितलेलं नाही. ज्या वाटीत नातवाचा पहिला घास, तिने पाय चोळतात म्हटल्यावर पुन्हा बर्गी ठरेन.

गोविंदभोग तांदूळही तसाच. पूर्वी तो ठोंग्यात, म्हणजे वर्तमानपत्राच्या पुडीत, पायेससाठी, म्हणजे खिरीसाठी, पावभर दिला जाई. २०१७ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता तो खिडकीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून येतो, बासमतीपेक्षा मोठ्या तोऱ्यात. जयनगरच्या मोव्याला, म्हणजे लाह्यांच्या लाडवाला, २०१५ मध्ये मिळालं. राज्य सरकारच्या 'विश्व बांग्ला' दुकानांनी हे सगळं देखणं करून मांडलं, त्यात वाईट काही नाही. फक्त पावभर मागायची सोय गेली.

आणि खसखस. बांकुडा-बीरभूमकडच्या उन्हाळ्यात भात आणि पोस्तो हे साध्या माणसाचं जेवण. खसखस वाटायची, वर कच्चं मोहरीचं तेल, एक हिरवी मिरची. मी तिच्याकडे कधी लक्षही दिलं नव्हतं, आपल्याकडे ती अनारशाला आणि मटणाच्या वाटणाला चमचाभर लागते. आता किलोचा भाव हजाराच्या वर चढून बसलेला असतो. अफूच्या शेतीवर कडक परवाने, बराचसा माल बाहेरून येणारा. २०२३ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी विधानसभेत मागणी केली की बंगालला खसखशीसाठी लागवड करू द्या. चीजसाठी कोणत्या मुख्यमंत्र्याने कधी विधानसभेत तोंड उघडलंय? म्हणून ती कुलपात. मी ती पन्नास ग्रॅमने तोलते आणि तोलताना पंखा बंद करते.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की म्हातारी 'तेव्हा सगळं खरं होतं' असं म्हणायला निघाली आहे. तसं नाही. तेव्हाचं सुटं तेल मला आठवतं. १९८८ साली बेहालात भेसळीचं रेपसीड तेल खाऊन शेकडो लोकांचे पाय लुळे पडले. त्या पावसाळ्यात दमदमलाही लोक तेलाची बाटली नाकाशी धरून हुंगत, जणू वासाने कळणार होतं. मीही हुंगून दिलं आहे. त्यानंतर सीलबंद डबा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी हसले नाही. वजनाचे बाटखारे झिजलेले असत. डब्यावर मुदत छापलेली असली तर ती शाईने खोडलेली असे. भारनियमनात फ्रिज बंद पडला की लोण्याचं तूप होई, आणि तेही आम्ही विकत होतो, तूप म्हणून. आज परवान्याचा क्रमांक भिंतीवर आहे, तारखा स्पष्ट आहेत, मी रात्री शांत झोपते.

पण एक गोष्ट मला खरंच खटकते. आताच्या गिऱ्हाइकाला वस्तूचं नाव ठाऊक असतं आणि वास ठाऊक नसतो. परवा एक तरुण जोडपं पंचफोडणाची बाटली घेऊन उभं होतं. मुलाने विचारलं, यात रांधुनी आहे की मोहरी? प्रश्न अगदी अचूक. मेथी, जिरं, बडीशेप, कलौंजी यांच्या जोडीला पाचवी रांधुनी, आपल्या ओव्याच्या नात्यातली, आणि ती न मिळाली तर काही जण मोहरी घालतात. मी बाटली उघडून त्याच्या हातावर दोन दाणे ठेवले आणि म्हटलं, चोळ आणि हुंग. तो गोंधळला. फोनमध्ये बघून म्हणाला, हो, रांधुनीच दिसतेय. दिसतेय! पण पुन्हा आला आणि फोन खिशात ठेवून हात पुढे केला, हेही लिहायला हवं.

टाळेबंदीत हीच फोनवाली गिऱ्हाइकं उपयोगी पडली. २०२० च्या मार्चमध्ये शटर अर्धं उघडून मी फर्द फोनवर घेत होते, पुड्या बांधून पायरीवर ठेवत होते. २० मेच्या रात्री अंफान आलं. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी साचल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली, आमच्या दुकानात गुडघाभर होतं हे कोणी पाहिलं नाही. खालच्या फळीवरचं सगळं गेलं. काशाचं काय जाणार, ते घासून पुन्हा मांडलं. पाटेही जागचे हलले नाहीत. खालच्या फळीवर जड वस्तू ठेवायचं शहाणपण मला वादळाने दिलं.

आता दहा मिनिटांत सामान आणणारी मुलं आमच्या गल्लीतून दिवसभर जातात. माझ्या समोरून त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत परमेसान जातं, कधी निर्लेपही. त्या कंपनीला २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतलं, आणि माझं माहेर आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांच्यातला एक रोज दुपारी माझ्या पायरीवर बसून डबा खातो आणि कासुंदीचा थेंब मागतो. ही मोहरीची आंबट चटणी पूर्वी घरीच अक्षय्य तृतीयेला घालत, सोवळ्यात. आता वर्षभर बाटलीत मिळते. त्याला मी घरची देते.

त्या मुलांच्या पिशवीत येत नाहीत अशा वस्तू माझ्याकडे आहेत. कुकरच्या जुन्या मापाच्या गॅस्केट, शिट्ट्या, दांड्यांचे स्क्रू. संदेशाचे लाकडी साचे, शंख, मासा आणि आंब्याच्या आकाराचे, ते मी चितपूर रोडवरच्या नतून बाजारातून आणते. शेजारीच मोदकाचा साचा ठेवला आहे, आणि तो संदेशासाठी नेणाऱ्या तीन बंगाली बायका मला माहीत आहेत. पुरणयंत्र आहे. विळी आहे, आणि तिच्या शेजारी बोंटी, आपल्या विळीची थोरली बहीण, रोहू माशाचं डोकं दोन्ही हातांनी दाबून चिरता येईल अशी. विळीच्या टोकाची खवणी पाहून इथल्या बायका अजून कौतुक करतात. एवढ्याच बाबतीत महाराष्ट्राने बंगालवर मात केली, असं मी दर वेळी ऐकवते.

मास्तरमोशाय गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांच्या मुलीने मागच्या पोयला बैशाखाला येऊन विचारलं, बाबांची काही बाकी आहे का? नव्हती. तिने बँडेल चीज मागितलं. ते मी आता ठेवतच नाही, खपत नाही. तिला न्यू मार्केटचं दुकान सांगितलं आणि पाटी तेवढी काढून दिली, त्यांनी दुरुस्त केलेली.

२०२५ च्या ऑगस्टपासून विमानतळावरूनच मेट्रो सुटते. कोलकात्याला आलात तर दमदम कँटोनमेंटला उतरा, तिथून नागेरबाजारला टोटो, म्हणजे ई-रिक्षा, मिळते. पुण्या-मुंबईचे पाहुणे हटकून नोलेन गूळ मागतात, खजुराच्या रसाचा, आणि ट्यूबमधला घेऊन जातात, टूथपेस्टसारखा पिळायचा. तो नेऊ नका. घट्ट पाटाली न्या, आणि तीही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. नख लावलं की मऊ लागली पाहिजे आणि तोडल्यावर आत ओलसर दिसली पाहिजे. दगडासारखी टणक आणि खडीसाखरेसारखी चकाकणारी असली तर तिच्यात साखर आहे. फेब्रुवारीत थंडी ओसरली की मी पाटाली ठेवणं बंद करते. त्यानंतर आलात तर खसखस मिळेल, पन्नास ग्रॅम.